विषाणूच्या वाटेने: कोंबडीतील जनुकीय बदलांची शंभर वर्षे

आनुवंशशास्त्राच्या इतिहासात कोंबडीला अगदी आरंभापासून स्थान आहे. मेंडेलचे वाटाण्यावरील विस्मृतीत गेलेले संशोधन १९०० मध्ये पुन्हा उजेडात आले आणि त्यानंतर अवघ्या दोन वर्षांत विल्यम बेटसन या इंग्रज संशोधकाने कोंबड्यांच्या तुऱ्यांचे आकार पिढ्यान्‌पिढ्या तपासून तेच नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवून दिले. असे असूनही पक्ष्याच्या आनुवंशिक द्रव्यात हेतुपूर्वक बदल घडवून तो पुढच्या पिढीत उतरवण्याची विद्या माणसाला उंदीर, ससा, मेंढी आणि डुक्कर यांच्यानंतरच साध्य झाली. आणि ती साध्य झाली तेव्हा तिचे पहिले साधन ठरला तो कोंबडीचाच एक जुना शत्रू, म्हणजे तिच्या शरीरात कर्करोग निर्माण करणारा विषाणू. या विद्येने विसाव्या शतकाच्या अखेरीपासून जी आश्वासने दिली आणि ज्या शंका उभ्या केल्या, त्या दोहोंचे मूळ कोंबडी आणि विषाणू यांच्या या दीर्घ संबंधात आहे.

कोपनहेगन येथील एलरमन आणि बांग या संशोधकांनी १९०८ मध्ये कोंबड्यांमधील रक्ताचा कर्करोग पेशीविरहित द्रवातून एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेता येतो असे दाखवले होते. परंतु रक्ताचा हा विकार त्या काळी कर्करोग मानला जात नसल्याने त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधील रॉकफेलर संस्थेत पेटन राऊस यांच्याकडे छातीवर मोठी गाठ आलेली प्लिमथ रॉक जातीची एक कोंबडी आली. राऊस यांनी ती गाठ त्याच वाणाच्या इतर कोंबड्यांमध्ये रुजवली, नंतर ती वाटून तिचा रस जिवाणूही अडकतील इतक्या बारीक गाळणीतून गाळला, आणि त्या गाळलेल्या रसाने निरोगी कोंबड्यांनाही तशाच गाठी येतात हे १९११ मध्ये प्रसिद्ध केले. कर्करोगाचे कारण विषाणू असू शकतो ही कल्पना त्या काळच्या वैद्यकाला पचण्यासारखी नव्हती. राऊस यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८७ व्या वर्षी.

मधल्या काळात या विषाणूने जीवशास्त्राला अनेक धक्के दिले. त्याचे आनुवंशिक द्रव्य आरएनए या रेणूचे बनलेले असते, तर कोंबडीच्या पेशीतील आनुवंशिक द्रव्य डीएनएचे असते. तरीही विषाणूचा गुण पेशीत कायमचा मुरतो आणि पेशीच्या विभाजनाबरोबर पुढे जातो, हे अमेरिकेत हॉवर्ड टेमिन आणि प्राग येथे यान स्वोबोदा यांच्या लक्षात आले होते. विषाणूजवळ आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करणारे विकर असते, हे १९७० मध्ये टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले; ती प्रत पेशीच्या गुणसूत्रात जाऊन बसते. माहितीचा प्रवाह डीएनएकडून आरएनएकडे वाहतो या रूढ समजुतीच्या उलट दिशेने चालणाऱ्या या विषाणूंना पुढे रेट्रोव्हायरस हे नाव पडले.

याच सुमारास रॉबिन वाइस या तरुण ब्रिटिश संशोधकाला जे आढळले, ते या विषयाच्या नैतिक चर्चेत आजही पुरेसे लक्षात घेतले जात नाही. कोणताही संसर्ग न झालेल्या कोंबड्यांच्या पेशींमध्ये विषाणूची प्रथिने तयार होत होती, आणि हा गुण मेंडेलच्या नियमांनुसार आईबापांकडून पिल्लांकडे जात होता. याचा अर्थ असा की पूर्वी केव्हातरी एका विषाणूने कोंबडीच्या जननपेशीत, म्हणजे ज्या पेशींपासून अंडे किंवा शुक्राणू बनतो अशा पेशीत, प्रवेश केला होता आणि तेव्हापासून तो वंशपरंपरेने तिच्या गुणसूत्राचा भाग होऊन बसला होता. वाइस यांनी मलेशियाच्या जंगलात जाऊन तांबड्या रानकोंबड्या पकडल्या आणि पाळीव कोंबडीच्या या रानटी पूर्वजातही असा विषाणू असल्याची खात्री करून घेतली. चिलीतील मापुचे लोकांच्या कोंबड्या निळसर कवचाची अंडी घालतात, त्याचेही कारण २०१३ मध्ये असेच सापडले: एका जुन्या रेट्रोव्हायरसचा तुकडा त्यांच्या एका जनुकाशेजारी येऊन बसला आहे, आणि चीनमधील काही वाणांत तशीच घटना स्वतंत्रपणे, थोड्या वेगळ्या जागी घडलेली आहे. पक्ष्याच्या आनुवंशिक द्रव्यात बाहेरचे जनुक घुसणे हे निसर्गविरोधी आहे, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. मात्र निसर्गात घडते ते सर्व सुरक्षित असते असाही निष्कर्ष त्यातून निघत नाही, कारण याच विषाणूंच्या काही नातलगांनी कोंबड्यांचे कळपच्या कळप गारद केले आहेत.

ते कळप एवढे मोठे का झाले, हे सांगितल्याशिवाय पुढची कथा समजणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मांसासाठी अधिक भरणारी कोंबडी निर्माण करण्याच्या स्पर्धा भरवल्या गेल्या, आणि १९४८ च्या राष्ट्रीय अंतिम फेरीनंतर संकरित वाणांचे युग सुरू झाले. पारंपरिक निवडपद्धतीने, म्हणजे एकही जनुक प्रयोगशाळेत न हलवता, किती बदल घडू शकतो याचे मोजमाप कॅनडातील संशोधकांनी केले आहे. त्यांनी १९५७, १९७८ आणि २००५ या वर्षांचे वाण एकाच खाद्यावर शेजारी वाढवले, तेव्हा ५६ व्या दिवशी त्यांची सरासरी वजने अनुक्रमे ९०५, १,८०८ आणि ४,२०२ ग्रॅम भरली. जनुकीय बदलांविषयी भीती बाळगणाऱ्या समाजाने हा बदल जवळजवळ निमूटपणे स्वीकारला, आणि त्याबरोबर पायांचे व हृदयाचे विकारही त्या पक्ष्यांच्या माथी आले. भारतात या आधुनिक कुक्कुटपालनाचे एक केंद्र पुणे झाले. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने आणि त्यांच्याच पुढाकाराने १९८२ मध्ये उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय अंडी समन्वय समितीने महाराष्ट्रातील शेतकऱ्याला पोल्ट्री हा जोडधंदा न राहता मुख्य धंदा होऊ शकतो हे दाखवले.

हजारो सारखे पक्षी एका शेडमध्ये आले की रोगालाही हजारो सारखी घरे मिळतात. मॅरेक्स या विषाणूजन्य कर्करोगाने १९६० च्या दशकात अमेरिका आणि युरोपातील कुक्कुटपालकांना जेरीस आणले होते; १९७० च्या सुमारास ब्रिटनमधील हॉटन आणि अमेरिकेतील मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग येथील प्रयोगशाळांनी त्यावर लस तयार केली. कर्करोगावरील ही पहिली व्यापक उपयोगाची लस होती. त्याच ईस्ट लॅन्सिंगच्या सरकारी प्रयोगशाळेत पुढच्या दीड दशकात पहिली जनुकीय बदल केलेली कोंबडी जन्माला आली.

ती जन्माला येण्यात खरी अडचण अंड्याची होती. उंदरात नवे जनुक घालायचे तर नुकत्याच फलित झालेल्या, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या अंडपेशीच्या केंद्रकात बारीक सुईने डीएनए टोचता येतो आणि ती अंडपेशी दुसऱ्या मादीच्या गर्भाशयात ठेवता येते. कोंबडीत मात्र अंडपेशी म्हणजे संपूर्ण पिवळा बलक. केंद्रक असलेला जिवंत भाग त्यावरच्या एका लहानशा पांढऱ्या ठिपक्यात असतो, आणि फलनानंतर बलक अंडनलिकेतून खाली सरकत असतानाच त्यावर पांढरा बलक, पातळ पापुद्रे आणि शेवटी सुमारे वीस तासांत कवच चढते. फलनानंतर सुमारे एका दिवसाने अंडे घातले जाते तोवर त्या ठिपक्यातील एका पेशीच्या चाळीस ते साठ हजार पेशी झालेल्या असतात. त्या प्रत्येकीत जनुक टोचणे शक्य नसते, आणि एका पेशीच्या अवस्थेतील भ्रूण मिळवायचा तर कोंबडीला मारून तिच्या अंडनलिकेतून बलक काढावा लागतो.

डोनाल्ड सॉल्टर, लायमन क्रिटेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईस्ट लॅन्सिंग येथे ही अडचण विषाणूच्याच हातून सोडवली. ल्युकोसिस हा कर्करोग निर्माण करणाऱ्या रेट्रोव्हायरसला स्वतःच पेशीत शिरून गुणसूत्रात बसण्याची कला अवगत असल्याने, त्यांनी तो नुकत्याच घातलेल्या अंड्यांत टोचला. हजारो पेशींपैकी काहींत तो बसला, त्या काहींपैकी फार थोड्या पुढे जननपेशी झाल्या, आणि अशा कोंबड्यांच्या काही पिल्लांना विषाणूचे जनुक वारशाने मिळाले. हे संशोधन १९८६ आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या वंशांपैकी एकात विषाणूची प्रत अर्धवट बसली होती. तिच्यापासून पूर्ण विषाणू तयार होत नसे, पण त्याच्या बाह्यावरणाचे प्रथिन मात्र तयार होई. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या ग्राहीतून, म्हणजे ज्या जागेला चिकटून विषाणू आत शिरतो, त्या ग्राही आतूनच अडवून धरत असल्याने बाहेरून येणाऱ्या त्याच उपप्रकाराच्या विषाणूला प्रवेश मिळेना. सॉल्टर आणि क्रिटेंडन यांनी १९८९ मध्ये वर्णिलेला हा वंश म्हणजे रोगप्रतिकारासाठी कृत्रिमरीत्या घातलेल्या जनुकाचे पाळीव पक्ष्यातील पहिले उदाहरण होय. परंतु जिवंत रोगकारक विषाणू वापरून तयार झालेला पक्षी कोणत्याही कुक्कुटपालकाच्या शेडमध्ये जाण्याची शक्यता नव्हती, आणि संशोधकांनाही तशी अपेक्षा नव्हती.

नंतरचा दीड दशकांचा काळ जनुक वाहून नेणाऱ्या, म्हणजे वाहक विषाणूला निरुपद्रवी करण्यात आणि त्याला पर्याय शोधण्यात गेला. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोजवळच्या, पुढे रोझलिन इन्स्टिट्यूट या नावाने प्रसिद्ध झालेल्या संशोधनकेंद्रात मार्गारेट पेरी यांनी १९८८ मध्ये एकपेशीय भ्रूण दुसऱ्या अंड्याच्या कवचात वाढवून त्यातून जिवंत पिल्लू बाहेर काढण्याची पद्धत सिद्ध केली, आणि तिच्या आधारे हेलन सँग यांच्या गटाने १९९४ मध्ये डीएनए थेट टोचून बदललेली कोंबडी मिळवली. पण यश इतके अल्प होते की ती वाट पुढे फारशी चालली गेली नाही. स्वतःची संख्या वाढवू न शकणारे, लेंटिव्हायरस कुळातील वाहक वापरून मायकेल मॅक्ग्रू आणि सँग यांनी २००४ मध्ये विश्वासार्ह पद्धत दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तांबड्या रानकोंबडीचा सुमारे शंभर कोटी अक्षरांचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. कोणत्याही पक्ष्याचा तो पहिला आराखडा होता.

निर्णायक पाऊल मात्र एका नव्वद वर्षे जुन्या निरीक्षणावर उभे होते. स्विफ्ट या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९१४ मध्ये नोंदवले होते की कोंबडीच्या भ्रूणात भावी अंडी व शुक्राणूंच्या मूळ पेशी, ज्यांना आद्य जननपेशी म्हणतात, त्या भ्रूणाच्या डोक्यापुढील चंद्रकोरीसारख्या पट्ट्यात असतात आणि तेथून रक्तप्रवाहात शिरून आपल्या ठिकाणी पोहोचतात. सस्तन प्राण्यांत या पेशी ऊतींमधून सरपटत जातात; पक्ष्यांत त्या रक्तातून वाहतात, म्हणजेच उबवणीच्या तिसऱ्या दिवशी भ्रूणाच्या रक्ताचा एक थेंब घेतला तर त्यात त्या सापडतात. कॅलिफोर्नियातील मारी-सेसील व्हान दे लव्हुआर, रॉबर्ट एचेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये या पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवून, त्यांत बदल करून, दुसऱ्या भ्रूणाच्या रक्तात सोडून त्यांच्यापासून पिल्ले मिळवली. जो भ्रूण प्रारंभी अवघड ठरला होता, त्याच्याच या वैशिष्ट्यामुळे पक्षी हा आता बदलास सोपा प्राणी झाला. ठरावीक जागी डीएनए कापून तेथील मजकूर बदलणारे क्रिस्पर हे साधन २०१२ नंतर उपलब्ध झाले, तेव्हा बाहेरचे जनुक न घालता पक्ष्याच्या स्वतःच्याच जनुकातील एखाददुसरे अक्षर बदलणे शक्य झाले. याला जनुक संपादन म्हणतात, आणि कायद्याच्या दृष्टीने हा भेद पुढे महत्त्वाचा ठरला.

या विद्येचा आजवरचा सर्वांत निःशंक लाभ औषधाच्या क्षेत्रात झाला. लायसोसोमल ॲसिड लायपेज या विकराच्या जन्मजात अभावाने होणाऱ्या विकाराच्या तीव्र रूपाला वोलमन रोग म्हणतात; त्यात तान्ह्या बाळाच्या यकृतात व आतड्यांत स्निग्ध पदार्थ साचत जातात आणि बाळ पहिल्या वर्षातच दगावते. मानवी विकराचे जनुक बसवलेल्या कोंबड्यांच्या अंड्यातील पांढऱ्या बलकात हे विकर तयार होते, आणि कोंबडीच्या अंडनलिकेतील पेशी त्याला ज्या शर्करा जोडतात त्या रुग्णाच्या पेशींनी विकर आत ओढून घेण्यास अनुकूल असतात. सेबेलिपेज अल्फा हे ते औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ डिसेंबर २०१५ रोजी मान्य केले. चाचणीतील नऊ बाळांपैकी सहा एक वर्षाची झाली, तर पूर्वीच्या नोंदींतील उपचार न मिळालेल्या एकवीस बाळांपैकी एकही आठ महिन्यांपलीकडे जगले नव्हते. प्रशासनाने औषधाला वेगळी आणि कोंबडीतील जनुकीय बदलाला वेगळी मान्यता दिली, आणि हे पक्षी बंदिस्त जागेतच ठेवले जातील, त्यांचे मांस वा अंडी अन्नात जाणार नाहीत, अशी व्यवस्था केली. एका रुग्णाच्या उपचाराचा खर्च मात्र वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर ठरला. अंड्यातून औषध स्वस्तात निघेल ही जुनी आशा कोंबडीने पूर्ण केली असली तरी बाजाराने ती पूर्ण होऊ दिली नाही, आणि या विद्येचा लाभ मोजताना हे विसरून चालणार नाही.

अन्न म्हणून वाढवल्या जाणाऱ्या कोंबडीकडे जनुकशास्त्राचे लक्ष वळवले ते बर्ड फ्लूने. हाँगकाँगमध्ये १९९७ मध्ये एच५एन१ या विषाणूने प्रथमच माणसांना थेट गाठले. अठरा जण बाधित झाले, सहा दगावले, आणि वर्षअखेरीस शहरातील दहा लाखांहून अधिक पक्षी मारले गेले. भारतात हा रोग पहिल्यांदा आला तो महाराष्ट्रात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात, गुजरातच्या सीमेलगतच्या पोल्ट्री शेडमध्ये मरतुक वाढू लागली, नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत गेले, आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. लाखो पक्षी मारून पुरले गेले, परसातल्या गावरान कोंबड्याही त्यातून सुटल्या नाहीत, आणि अंडी व चिकनची मागणी देशभर कोसळल्याने रोगापासून शेकडो मैल दूर असलेले कुक्कुटपालकही बुडाले. पंधरा वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच नवापुरात हा रोग पुन्हा आला. ज्या आदिवासी कुटुंबाचे पाच-दहा कोंबड्या हेच अडीअडचणीचे भांडवल असते, त्याच्या दृष्टीने फ्लू न होणारी कोंबडी ही साधी वैज्ञानिक करामत ठरणार नाही.

तशी कोंबडी घडवण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न केंब्रिज विद्यापीठाचे लॉरेन्स टायली आणि रोझलिनच्या हेलन सँग यांच्या गटाने जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. विषाणूच्या प्रती काढणारे त्याचे स्वतःचे विकर ज्या खुणेला चिकटते, तिची हुबेहूब नक्कल करणारा एक लहान आरएनए या कोंबड्यांच्या पेशींत तयार होत असे. विषाणू टोचलेल्या कोंबड्या आजारी पडल्या आणि मेल्याही, परंतु त्यांच्याबरोबर ठेवलेल्या इतर कोंबड्यांना, अगदी बदल न केलेल्या कोंबड्यांनाही, त्यांच्याकडून लागण झाली नाही. व्यक्तीला न वाचवता कळपाला वाचवणारी ही तटबंदी होती.

पुढची वाट लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधील वेंडी बार्क्ले यांच्या गटाने दाखवली. पक्ष्यांचे फ्लू विषाणू माणसाच्या पेशीत सहसा नीट वाढत नाहीत, याचे एक मोठे कारण २०१६ मध्ये त्यांना सापडले. एएनपी३२ए हे प्रथिन विषाणूला आपल्या प्रती काढताना आवश्यक असते, आणि पक्ष्यांच्या प्रथिनात ३३ अमिनो आम्लांचा एक जास्तीचा तुकडा असतो, जो माणसाच्या प्रथिनात नसतो. रोझलिनचे मॅक्ग्रू, अलेवो इडोको-अको आणि बार्क्ले यांच्या संयुक्त गटाने आद्य जननपेशींत क्रिस्पर वापरून या प्रथिनातील अवघी दोन अमिनो आम्ले बदलली आणि त्यांपासून कोंबड्या मिळवल्या. या कोंबड्या दोन वर्षे निरोगी राहिल्या, त्यांच्या अंडी घालण्यातही फरक पडला नाही. एच९एन२ या सौम्य प्रकारच्या विषाणूची साधारण मात्रा दिल्यावर दहापैकी नऊ पक्ष्यांना लागण झाली नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधनिबंधाचे खरे मोल मात्र त्याच्या उत्तरार्धात आहे, आणि तो भाग लपवून न ठेवता सविस्तर मांडल्याबद्दल या संशोधकांचा आदर वाटतो. मात्रा हजारपट वाढवल्यावर निम्म्या पक्ष्यांना लागण झाली, आणि त्यांच्यातून मिळवलेल्या विषाणूत नवे बदल आढळले. अडवलेले प्रथिन सोडून विषाणू आता त्याच कुळातील एएनपी३२बी आणि एएनपी३२ई या दोन प्रथिनांचा वापर करायला शिकला होता. त्याच्या एका प्रथिनातील ६३१ व्या स्थानावरील बदल सस्तन प्राण्यांशी जुळवून घेण्याच्या दिशेचा होता. २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंमध्ये पसरलेल्या एच५एन१ विषाणूतही हाच बदल दिसला. दोन्ही घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. पण पक्ष्यातील एक दार बंद केले की विषाणू कोणत्या दाराकडे वळू शकतो, याची ती स्पष्ट सूचना होती.

या सूचनेचे गांभीर्य मॅरेक्सच्या इतिहासामुळे वाढते. ज्या लसीने तो रोग आटोक्यात आणला ती कोंबडीला मरू देत नाही, परंतु विषाणूची लागण आणि फैलाव रोखत नाही. लसीविना अतितीव्र विषाणू आपल्या यजमानाला लवकर मारून स्वतःही नष्ट झाला असता. लस टोचलेल्या पक्ष्यांत तो आठवडेच्या आठवडे टिकतो आणि शेडभर पसरतो. अँड्र्यू रीड आणि वेणुगोपाल नायर यांच्या गटाने २०१५ मध्ये प्रयोगांनी हे दाखवले, तेव्हा अर्ध्या शतकात मॅरेक्सचा विषाणू अधिकाधिक घातक का होत गेला याचे एक पटणारे स्पष्टीकरण मिळाले. अर्धवट प्रतिकार असलेली फ्लूरोधक कोंबडी घाईने बाजारात आणली तर तीच चूक पुन्हा घडेल, आणि या वेळी विषाणू माणसाला लागण करू शकणारा असेल. म्हणून अपूर्ण प्रतिकाराचा एकही कळप बंदिस्त प्रयोगाबाहेर जाऊ नये, ही भूमिका भीतीपोटी घेतलेली नसून पुराव्यावर आधारलेली आहे.

सगळ्याच विषाणूंबाबत परिस्थिती इतकी बिकट नाही. यान स्वोबोदा यांच्याच प्राग येथील संस्थेत यिरी हेयनार यांच्या गटाने २०२० मध्ये ल्युकोसिसच्या ‘जे’ या उपप्रकाराविरुद्ध कोंबडी तयार केली, ती विषाणूच्या ग्राहीतील एकच अमिनो आम्ल वगळून. हा विषाणू पेशीत शिरण्यासाठी त्या एकाच ग्राहीवर अवलंबून असल्याने तेथील अडथळा पुष्कळच भक्कम ठरला. चीनमधील देशी वाणांत या उपप्रकाराने केलेली हानी पाहता या प्रयोगाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे.

रोगप्रतिकाराबाहेरही या विद्येचा उपयोग होऊ शकतो. अंड्यांसाठीच्या कोंबड्यांच्या धंद्यात नर पिल्लांना किंमत नसल्याने जगभर दरवर्षी सुमारे सातशे कोटी नर पिल्ले अंड्यातून बाहेर येताच मारली जातात, असा अंदाज वारंवार दिला जातो. पक्ष्यांत लिंग मादीकडून ठरते: कोंबडी आपले झेड गुणसूत्र मुलांना आणि डब्ल्यू मुलींना देते. आईच्या झेड गुणसूत्रावर एखादी जनुकीय खूण बसवली तर ती फक्त नर भ्रूणांत उतरते. ऑस्ट्रेलियात मार्क टिझार्ड यांच्या आणि इस्राएलमध्ये युवाल सिनामोन यांच्या गटांनी याच तत्त्वावर काम केले आहे. अशी अंडी उबवणीपूर्वी किंवा अगदी आरंभी वेगळी काढता येतात, आणि जन्मणाऱ्या माद्यांत तसेच त्यांच्या खाण्याच्या अंड्यांत बाहेरचे जनुक मुळीच नसते. जनुकीय बदलांच्या सर्व प्रस्तावांत पक्ष्याच्या दुःखाचा भार इतक्या सरळपणे कमी करणारा दुसरा प्रस्ताव नाही. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून नर पिल्ले मारण्यास बंदी घातल्यावर त्याची निकड आणखी वाढली. दुर्मीळ वाणांच्या आद्य जननपेशी गोठवून, स्वतःच्या जननपेशी नसलेल्या कोंबडीच्या पोटी ते वाण पुन्हा जन्माला घालण्याची रोझलिनची पद्धतही तितकीच स्वागतार्ह आहे. १९१४ मध्ये सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात नामशेष झालेले प्रवासी कबूतर परत आणण्याच्या योजना मात्र अजून योजनाच आहेत.

शंकांचा दुसरा गट जीवशास्त्रापेक्षा मालकीशी संबंधित आहे. जगातील बहुतांश ब्रॉयलर (मांसासाठीच्या) व लेयर (अंड्यांसाठीच्या) कोंबड्यांचे मूळ वंश मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात आहेत. रोगप्रतिकाराचे जनुक प्रथम त्याच वंशांत येणार आणि त्याचे स्वामित्वहक्कही तेथेच राहणार, हे उघड आहे. भारतात २०१९ च्या पशुगणनेनुसार ८५ कोटींहून अधिक कोंबड्यादी पक्षी होते, त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसातले. शेडमधील पक्षी प्रतिकारक्षम आणि त्याच गावातील परसातले पक्षी तसे नाहीत, अशी विभागणी झाली तर रोगाचा आणि कत्तलीचा सारा भार ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहे त्यांच्यावर पडेल. शिवाय गर्दी सोसणारी कोंबडी मिळाली की गर्दी आणखी वाढवण्याचा मोह होतो, हे ब्रॉयलरच्या इतिहासाने दाखवले आहे.

कायद्यांनी या प्रश्नांना वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये जनुक संपादनालाही जनुकीय बदलाचेच नियम लावले. इंग्लंडने २०२३ च्या कायद्यात संपादित प्राण्यांसाठी दार उघडे ठेवले, पण अंमलबजावणी वनस्पतींपासून सुरू केली. अमेरिकेने एप्रिल २०२५ मध्ये श्वसनरोगाला प्रतिकार करणाऱ्या संपादित डुकराला मान्यता दिली. भारतात १९८९ चे नियम प्राण्यांनाही लागू आहेत, आणि २०२२ मध्ये काही प्रकारच्या जनुक संपादनाला दिलेली सवलत केवळ वनस्पतींपुरती आहे. पक्ष्यांसाठीची ही सावधगिरी सध्या योग्यच आहे, कारण मुख्य वैज्ञानिक प्रश्न अजून सुटलेला नाही. इडोको-अको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतील कोंबडीच्या पेशींत तिन्ही एएनपी३२ जनुके बंद केली, तेव्हा फ्लूच्या विषाणूची वाढ पूर्ण थांबली. पण पेशी जगणे आणि पक्षी जगणे यांत अंतर आहे, कारण ही प्रथिने पेशीच्या इतर कामांतही गुंतलेली असतात, आणि उंदरात यांपैकी एकाच्या अभावानेही नवजात पिल्ले दगावतात. त्यामुळे तिन्ही जनुके बंद न करता, प्रत्येकातील विषाणूच्या उपयोगाचा तेवढाच भाग बदलून निरोगी, अंडी घालणारी आणि मोठ्या मात्रेलाही दाद न देणारी कोंबडी मिळते का, हे पाहणे हाच या संशोधनाचा पुढचा टप्पा आहे.